विश्लेषण : चार महिन्यांचे मॉडेल शेवटच्या दहा मिनिटांत पांढरे का पडते? ‘मॅट फिनिश’ नेमके काम कसे करते?

प्लास्टिकचे विमान, रणगाडा किंवा रेल्वे इंजिन खऱ्यासारखे दिसावे म्हणून त्यावर शेवटी चकाकी मारणारा पारदर्शक थर दिला जातो. तोच चुकला, तर आधीची सगळी मेहनत दुधाळ पडद्याआड जाते. हा थर कोणता निवडावा, कसा द्यावा आणि पावसाळ्यात तो का फसवतो, याविषयी…

जुलैमधली संध्याकाळ. समजा, मुंबईतल्या एका घरात जेवणाच्या टेबलावर जुने वर्तमानपत्र अंथरले आहे आणि त्यावर मिग-२१ विमानाची १/७२ प्रमाणातली प्रतिकृती उभी आहे. लांबी जेमतेम वीतभर, पण तिच्यामागे चार महिने गेले आहेत. भाग कापून घासले, सांधे भरले, करड्या रंगाचे हात दिले, केसाएवढ्या रेघांमध्ये काळसर वॉश सोडला, नखापेक्षा लहान तिरंगी चिन्हे चिमट्याने धरून बसवली. हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडमध्ये भारतीय हवाई दलातून निवृत्त झाले. त्याच्या देखभालीत नोकरीची उमेदीची वर्षे घालवलेल्या काकांना ही प्रतिकृती वाढदिवसाला द्यायची आहे. आता फक्त शेवटचा मॅटचा हात बाकी. स्प्रे कॅन हलवला, दोन फवारे मारले आणि दहा मिनिटांत विमानावर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा पडदा आला. वाढदिवस चार दिवसांवर.

असा प्रसंग स्केल मॉडेलिंग करणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला कधी ना कधी येतो. दोष अनेकदा बाटलीला दिला जातो आणि पुढच्या वेळी वेगळ्या कंपनीची बाटली आणली जाते. प्रत्यक्षात बिघाड बहुतेक वेळा दोनच ठिकाणी असतो : तळाशी बसलेली पावडर नीट न ढवळण्यात, किंवा त्या दिवशीच्या हवेत.

‘मॅट’ म्हणजे नेमके काय?

मॉडेलिंगमध्ये ‘फ्लॅट’ आणि ‘मॅट’ हे शब्द एकाच अर्थाने वापरतात. (मुंबईत ‘फ्लॅट’ म्हटले की गृहकर्ज आठवते, म्हणून इथे मॅटच म्हटलेले बरे.) हा कोणता रंग नव्हे. वाळल्यावर पारदर्शक राहणारे व्हार्निश आणि त्यात मिसळलेले सिलिकाचे अतिबारीक कण, एवढाच हा मामला. नव्या बुटांच्या खोक्यात ‘खाऊ नका’ असे लिहिलेली जी पुडी निघते, तिच्यातल्या सिलिका जेलचाच हा कुटुंबीय. फरक आकाराचा. व्हार्निशमधले कण काही मायक्रॉनचे असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना यावी.

व्हार्निश वाळताना त्यातले द्रावक उडून जाते आणि थर आकसतो. कण मात्र आकसत नाहीत. त्यामुळे वरचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत होतो. गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश आरशासारखा एकाच दिशेने परततो आणि डोळ्याला चकाकी दिसते. खडबडीत पृष्ठभागावरून तो सगळीकडे विखुरतो आणि चकाकी जाते. मॅट फिनिश चकाकी ‘पुसत’ नाही, ती विखरून टाकते.

या विखुरण्याची किंमत मोजावी लागते. चारी दिशांना उधळलेला पांढरा प्रकाश खालच्या रंगात मिसळतो आणि रंग फिकट दिसू लागतो. पावसात भिजलेला डांबरी रस्ता काळाभोर दिसतो आणि वाळला की करडा होतो, त्याचे कारणही हेच. पाण्याने रस्त्याचा खडबडीतपणा तात्पुरता भरून काढलेला असतो. काळ्या रंगावर मॅट दिले की तो कोळशासारखा दिसतो, गडद हिरव्याची धार बोथट होते. जाणकार म्हणूनच मूळ रंग किंचित गडद ठेवतात. पुढे पांढरे पडलेले मॉडेल वाचवतानाही हा ओला-कोरडा रस्ता उपयोगी पडणार आहे.

चकाकी मोजताही येते. ग्लॉसमीटर नावाचे उपकरण ठरावीक कोनातून, बहुधा ६० अंशांतून, प्रकाश टाकून किती परत आला ते सांगते. पॉलिश केलेल्या काळ्या काचेचे मोजमाप सुमारे १०० एकक धरतात. १० एककांच्या खाली आले की ढोबळमानाने मॅट, ७० च्या वर ग्लॉस आणि मधला मोठा पट्टा सॅटिन किंवा सेमी-ग्लॉस. मॅट आणि ग्लॉस या दोन टोकांमध्ये एवढी जागा आहे, हे नवशिक्यांच्या लवकर लक्षात येत नाही.

खरे विमान चकाकत असेल तर मॉडेल मॅट कशाला?

हा वाद जुना आहे आणि मिटण्याची चिन्हे नाहीत. मॅट फिनिशच्या बाजूने दिले जाणारे उत्तर अंतराचे आहे. १/७२ प्रमाणातले मॉडेल ३० सेंटीमीटरवर धरून पाहणे म्हणजे खरे विमान २१.६ मीटरवरून पाहणे. तेवढ्या अंतरावरून, मधली धूळ आणि धुरकट हवा पार करून, धातूची चकाकी बरीच मंदावते. मॉडेल मात्र हातात असते. त्यावर पडणारा ट्यूबलाइटचा प्रकाश खऱ्या आकाराचाच असतो, तो ७२ पटींनी लहान होत नाही. पंखावर ट्यूबलाइटची लांबलचक पांढरी रेघ दिसली की ‘हे खेळणे आहे’ हे डोळ्याला क्षणात कळते.

युक्तिवाद बरोबर आहे, पण तो ताणला जातो. प्रवासी विमाने चकचकीत असतात आणि धावपट्टीवरून तशीच दिसतात. हवाई दलाच्या ‘सूर्यकिरण’ पथकाची लाल-पांढरी हॉक विमानेही तशीच. त्यांच्या प्रतिकृतीवर पूर्ण मॅट हात म्हणजे लग्नाच्या शालूवर राख फासणे. तिथे सॅटिनपर्यंतच उतरावे, अनेकदा तेही नको. जुन्या मिग-२१ विमानांपैकी बरीच उघड्या धातूच्या रूपेरी रंगात उडाली. अशा प्रतिकृतीवर मॅट मारले की चांदी जाऊन जस्ताचा पत्रा उरतो. याउलट रणगाडे, लष्करी ट्रक, मालगाडीचे डबे यांना मॅट शोभते, कारण धूळ आणि काजळी ही स्वतःच निसर्गाची मॅट फिनिश आहे. पुण्यात कोथरूड परिसरातल्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात धावणाऱ्या गाड्या पाहताना हाच प्रश्न डोक्यात ठेवून पाहावे : कुठली चकाकी खरी वाटते आणि कुठली प्लास्टिकची?

अंदाज करण्यापेक्षा कागद पाहणे चांगले. अमेरिकी लष्करी रंगांना फेडरल स्टँडर्ड ५९५ नावाच्या प्रणालीत पाच अंकी क्रमांक असतात. मॉडेल किटच्या सूचनापत्रावर ‘एफएस ३६३७५’ असे जे लिहिलेले असते, ते हेच. त्यातला पहिला अंक रंग सांगत नाही, चकाकी सांगतो : १ म्हणजे ग्लॉस, २ म्हणजे सेमी-ग्लॉस, ३ म्हणजे मॅट. एफ-१६ विमानाच्या तिन्ही करड्या छटा ३६११८, ३६२७० आणि ३६३७५, म्हणजे सगळ्या मॅट. अमेरिकी नौदलाच्या साठच्या दशकातल्या फँटम विमानांवर मात्र वरची करडी बाजू ३६४४० आणि खालची पांढरी १७८७५ होती. म्हणजे एकाच विमानाची पाठ मॅट आणि पोट चकचकीत. अशा मॉडेलवर डोळे मिटून सरसकट एकच हात दिला की इतिहासच पुसला जातो.

आणि मॅट म्हणजेच लपणे, हेही खरे नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने रात्रीच्या बॉम्बर विमानांना काजळीसारखा खरखरीत काळा रंग दिला होता. त्या खरखरीने हवेचा अडथळा वाढून वेग घटला आणि पुढे गुळगुळीत काळ्या रंगाकडे वळावे लागले. अमेरिकेच्या पी-६१ ‘ब्लॅक विडो’ या रात्रीच्या लढाऊ विमानाला तर चकचकीत काळा रंग दिला गेला. सर्चलाइटचा झोत मॅट पृष्ठभागावर पडला की विखुरतो आणि विमान उजळते. चकचकीत पृष्ठभागावरून तो दुसरीकडेच निघून जातो.

आधी चकाकी, मग मॅट. असा द्राविडी प्राणायाम का?

मॉडेलसाठीचे अनेक रंग वाळल्यावर मुळातच मॅट होतात. तरीही त्यावर आधी ग्लॉसचा थर देतात, मग डिकल लावतात आणि शेवटी पुन्हा मॅट करतात. नवख्याला यात वेळेचा अपव्यय वाटतो, पण यातली एकही पायरी फुकट नाही.

डिकल म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायचे पातळ चित्र. ते खडबडीत पृष्ठभागावर बसवले की उंचवट्यांच्या मधल्या खळग्यांत हवा अडकते. वाळल्यावर पारदर्शक कडेखाली ती चंदेरी दिसते; मॉडेलकार याला ‘सिल्व्हरिंग’ म्हणतात. एकदा झाले की वरून कितीही मॅट मारा, ती चांदी जात नाही. गुळगुळीत ग्लॉसवर मात्र डिकल चिकटून बसते. वॉशचेही तसेच आहे. ग्लॉसवर पातळ केलेला रंग पॅनलच्या रेघेत केशाकर्षणाने धावतो, मॅटवर तो शाईचोख कागदासारखा पसरतो आणि डाग पडतो. म्हणून क्रम असा : रंग, ग्लॉस, डिकल, त्यावर पुन्हा पातळ ग्लॉस, वॉश, मग मॅट. धुळीचा परिणाम देणाऱ्या कोरड्या रंगपावडरी मात्र मॅटनंतर, कारण त्यांना धरून बसायला खडबडीतपणा हवा असतो.

या ग्लॉस थरासाठी अमेरिकेतल्या मॉडेलकारांनी अनेक वर्षे ‘फ्यूचर’ नावाचे चक्क फरशीचे अॅक्रिलिक पॉलिश वापरले. सपाट बसणारे, स्वस्त आणि मोठ्या बाटलीत मिळणारे. काही जण त्यातच तामिया कंपनीचा ‘फ्लॅट बेस’ मिसळून घरगुती मॅट तयार करत. छंदाची बाजारपेठ कंपन्यांपेक्षा स्वयंपाकघराच्या कपाटातून जास्त चालते, याचा हा नमुना.

बाटली निवडण्यापूर्वी काय पाहावे?

आधी खिडकीबाहेर पाहावे. मॅट व्हार्निशचे ढोबळ तीन वर्ग आहेत आणि त्यांच्यातला खरा फरक द्रावकाचा आहे.

पहिला वर्ग लॅकरचा. अमेरिकी टेस्टर्स कंपनीचे ‘डलकोट’, तामियाचा टीएस-८० स्प्रे, जपानच्याच मिस्टर हॉबीचे ‘मिस्टर सुपर क्लिअर मॅट’ ही यातली जुनी नावे. द्रावक जहाल, वाळणे झटपट, थर पातळ आणि कणखर. निकाल चांगला लागला तर यासारखे दुसरे नाही. पण झटपट वाळणे हीच याची पावसाळ्यातली खोड आहे. सॅनिटायझर हातावर घेतल्यावर तळवा गार पडतो, तसे द्रावक भराभर उडताना मॉडेलचा पृष्ठभागही थंड होतो. हवा दमट असेल तर थंड पाण्याच्या ग्लासावर जसे थेंब जमतात तसे बाष्प त्या ओल्या थरावर जमते आणि थर वाळताना आत अडकते. हाच तो दुधाळ पडदा. रंगकामात याला ‘ब्लशिंग’ म्हणतात. जुलैत मुंबईची सापेक्ष आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर असते. अशा संध्याकाळी लॅकरचा कॅन उघडणे म्हणजे जुगार. आपल्या मिग-२१ चे हेच झाले.

दुसरा वर्ग पाण्यावर आधारित अॅक्रिलिक व्हार्निशचा. स्पेनच्या व्हायेहो कंपनीच्या बाटल्या भारतातल्या छंदाच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळतात. चित्रकलेच्या दुकानातले अॅक्रिलिक मॅट व्हार्निशही या कामाला चालू शकते, फक्त आधी चाचणी हवी. वास कमी, ब्रश पाण्याने धुता येतो आणि घरच्यांशी भांडण होत नाही. वाळायला वेळ लागतो आणि दमट हवेत आणखी लागतो. थर पूर्ण पक्का व्हायला एक दिवस द्यावा. एक पथ्य : व्हायेहोसारखे व्हार्निश पातळ करायला त्याच कंपनीचे थिनर किंवा पाणी वापरावे. अल्कोहोल घातले की त्याच्या गुठळ्या होतात आणि एअरब्रशचे नोझल चोंदते. तामियाचे बाटलीतले अॅक्रिलिक मात्र अल्कोहोलच्या जातीचे असते, त्याला अल्कोहोल चालते. दोन्हींवर ‘अॅक्रिलिक’ असेच छापलेले असल्याने गोंधळ इथेच होतो.

तिसरा वर्ग इनॅमलचा. हंब्रोलसारख्या छोट्या डबीतला. सावकाश वाळतो, ब्रशने छान पसरतो. पण त्यावर नंतर लॅकर मारला तर खालचा थर सुरकुततो. हे मिश्रण टाळलेलेच बरे.

तामियाच्या ‘एक्स-२१ फ्लॅट बेस’बद्दल वेगळे सांगायला हवे, कारण नाव वाचून लोक फसतात. ते व्हार्निश नव्हे, ते ग्लॉसमध्ये थोडेसे मिसळायचे मॅटकारक द्रव्य आहे. नुसतेच फवारले तर बाइंडर कमी आणि कण जास्त, म्हणजे थेट चुन्याचा हात. भाजीत मीठ घालायचे असते, मिठाची भाजी करायची नसते.

आणि हार्डवेअरच्या दुकानातला स्वस्त पर्याय? सुतार फर्निचरला जे मेलामाइन मॅट लावतात किंवा एनसी लॅकर मारतात, ते लाकडासाठी आहे. मॉडेलचे प्लास्टिक बहुतेक वेळा पॉलिस्टायरिन असते आणि एनसी थिनर ते विरघळवते. बचत काही रुपयांची होते आणि पंख मऊ पडतो.

मग महाराष्ट्रात कोणी काय घ्यावे? कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर पाण्यावरचे अॅक्रिलिक, आणि लॅकर ऑक्टोबरनंतरच्या कोरड्या दुपारसाठी राखून. वातानुकूलित खोलीत हवा कोरडी होते, म्हणून तिथे लॅकर मारण्याचा मोह होतो. पण बंद खोलीत द्रावकाची वाफ कोंडते. एसीच्या खोलीत पाण्यावरचेच व्हार्निश फवारावे. विदर्भातला त्रास नेमका उलटा. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना फवाऱ्यातले थेंब मॉडेलपर्यंत पोहोचण्याआधीच हवेत अर्धे वाळतात आणि पृष्ठभागावर कोरड्या भुकटीसारखे बसतात. तिथे पहाटेची वेळ, मॉडेलपासून थोडे कमी अंतर आणि व्हार्निशमध्ये वाळणे लांबवणारे रिटार्डर, हे उपाय आहेत.

प्रत्यक्ष हात कसा द्यायचा?

पहिले काम तळाशी बसलेल्या कणांचे. बाटली काही आठवडे उभी राहिली की सिलिका खाली आणि पातळ व्हार्निश वर अशी फारकत होते. वरचेच ओतून घेतले तर थर चकचकीतच राहतो. बाटली संपत आल्यावर उरलेल्या गाळाने तोच थर पांढरा पडतो. एकाच बाटलीबद्दल एक जण ‘मॅट होतच नाही’ म्हणतो आणि दुसरा ‘पांढरे पडते’ म्हणतो, ते यामुळे. काडीने तळ खरवडून ढवळावे. स्प्रे कॅन असेल तर आतली गोळी मोकळी वाजू लागल्यावरही दोन मिनिटे हलवत राहावे. कॅन कोमट पाण्यात काही मिनिटे धरला की फवारा बारीक येतो. कोमटच, गरम पाणी किंवा गॅसची शेगडी यांचा इथे संबंध नको, कारण कॅन फुटू शकतो.

दुसरे काम चाचणीचे. पूर्वी प्लास्टिकचा चमचा वापरत, आता बंदीमुळे तो दुर्मीळ. किटच्या चौकटीत उरलेला एखादा जादा भाग त्याहून चांगला. त्यावर मॉडेलचाच रंग, ग्लॉस आणि एक निरुपयोगी डिकल लावून मग मॅट फवारावे. त्याच दिवशी, त्याच हवेत, त्याच बाटलीतून. काल जमले होते म्हणून आज जमेल, असे नाही.

एअरब्रशने मारताना ०.३ मिलिमीटरचे नोझल, १५ ते २० पीएसआय दाब आणि १० ते १५ सेंटीमीटर अंतर ही बहुतेकांची सुरुवातीची जागा असते. स्प्रे कॅन असेल तर अंतर २० ते २५ सेंटीमीटर. फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करावा, वरून सरळ न्यावा आणि पलीकडे बाहेर गेल्यावरच बोट उचलावे. सुरुवातीचा आणि शेवटचा ठिपकाच सर्वांत जाड पडतो. तो वर्तमानपत्रावर पडू द्यावा. पहिले एक-दोन हात धुक्यासारखे हलके. लॅकर असेल तर हे हलके हात टाळता येणार नाहीत, कारण पहिल्याच जाड ओल्या हाताने खालचे डिकल आक्रसू शकते. प्रत्येक हातानंतर थांबावे. एकदम गडद मॅट होईपर्यंत मारत राहण्याची खोड मोडायला हवी. थर वाळल्यावर तो आणखी मॅट होतो.

एअरब्रश नसलेल्यांनी हिरमुसायचे कारण नाही. पाण्यावरचे व्हार्निश रुंद, मऊ ब्रशने देता येते. बाटली जोरात हलवू नये, बुडबुडे येतात, ढवळावी. ब्रश एकाच दिशेने न्यावा आणि वाळू लागलेल्या जागी परत फिरवू नये. त्या एका फेरफटक्याने ओरखडे उमटतात आणि ते मॅटवर चकचकीत ग्लॉसपेक्षाही ठळक दिसतात.

लॅकर आणि इनॅमल मोकळ्या हवेत किंवा बाहेर हवा फेकणाऱ्या पंख्यासमोरच मारावे. करोनाकाळातला एन-९५ मास्क तुषार अडवतो, द्रावकाची वाफ अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफ शोषणारी काडतुसे असलेला मास्क लागतो. देवघरातला दिवा आणि स्वयंपाकघरातली ज्योत विझलेली असावी. सोसायटीच्या सज्जात मारताना शेजारच्या दोरीवरचे कपडेही पाहून घ्यावेत.

पांढरे पडलेच, तर मॉडेल वाचते का?

अनेकदा वाचते, फक्त घाबरून खरवडायला घेऊ नये. आधी थर पूर्ण वाळू द्यावा. मग बोट पाण्यात बुडवून पांढऱ्या जागेवर अलगद फिरवावे. पाणी लागताच पांढरेपणा नाहीसा झाला आणि वाळल्यावर परत आला, तर दोष पृष्ठभागाच्या अति खडबडीतपणाचा आहे, म्हणजे कण जास्त किंवा फवारा कोरडा. तो ओला-कोरडा रस्ता इथे कामाला येतो. पाण्याने जे तात्पुरते झाले, ते ग्लॉसच्या पातळ ओल्या हाताने कायमचे होते. खळगे भरतात, रंग परत वर येतो. एक दिवस वाळवून, नीट ढवळलेल्या बाटलीतून मॅटचा हलका हात पुन्हा द्यायचा. काही जण इथे तेलाचे बोट फिरवतात. पांढरेपणा लगेच जातो हे खरे, पण तेल तिथेच राहते, त्यावर धूळ बसते आणि पुढचा थर धरत नाही. घाईच्या प्रदर्शनासाठी ठीक, भेटवस्तूसाठी नाही.

बोट ओले करूनही दुधाळपणा तसाच राहिला, तर तो थराच्या आत आहे. मग ते ब्लशिंग. पाऊस उघडलेल्या कोरड्या दिवसाची वाट पाहावी आणि त्याच लॅकर कुटुंबातले सावकाश उडणारे थिनर, उदाहरणार्थ मिस्टर हॉबीचे लेव्हलिंग थिनर, एअरब्रशने अगदी धुक्यासारखे फवारावे. वरचा थर किंचित सैल होतो आणि अडकलेल्या ओलाव्याला वाट मिळते. हात जड झाला तर डिकलही सैल होईल, म्हणून आधी पोटाकडच्या, न दिसणाऱ्या भागावर करून पाहावे. यानेही भागले नाही तर उरतो तो रंग उतरवण्याचा मार्ग, म्हणजे डिकलसकट सगळे पुन्हा. त्यापेक्षा बरेच जण जाड मॅट स्वीकारतात आणि त्यावर धूळ-चिखलाचे रंगकाम करून मॉडेलला ‘खूप उडालेले विमान’ बनवतात. यात फसवणूक नाही. खरी विमानेही उन्हाने अशीच फिकी पडतात.

मिग-२१ च्या बाबतीत चार दिवस पुरेसे आहेत, मात्र एखादी दुपार कोरडी मिळायला हवी आणि शेजारी एअरब्रश असलेला मित्र हवा. थिनरचा हात एक दिवस, त्यावर पाण्यावरच्या ग्लॉसचा एक, मॅटचा एक.

शेवटचे काम मॅटच्या आधीच उरकलेले असायला हवे : काय काय झाकायचे ते. वैमानिकाच्या डोक्यावरचे पारदर्शक आवरण, दिव्यांच्या काचा आणि रणगाडा असेल तर पेरिस्कोपची भिंगे. या जागांवर मॅट बसले की काच मोतीबिंदू झाल्यासारखी दिसते आणि ते सहजी निघत नाही. मूर्तिकार जशी डोळ्यांची आखणी अखेरीस ठेवतात, तशा मॉडेलच्या काचा अखेरपर्यंत मास्किंग टेपखाली ठेवायच्या. मॅट पक्के झाले की टोकदार चिमट्याने टेपची कड उचलायची आणि पृष्ठभागाला समांतर, सावकाश मागे ओढायची. तेल गळलेल्या जागी आणि हायड्रॉलिक दांड्यांच्या चकचकीत भागावर बारीक ब्रशने ग्लॉसचा एकेक ठिपका द्यायचा. सगळे विमान मॅट झाल्यावर हे चार ओले ठिपकेच ते नुकतेच धावपट्टीवर उतरल्याचे सांगतात, आणि आयुष्यभर या विमानाखाली सांडलेले तेल पुसणाऱ्या काकांची नजर आधी तिथेच जाईल.